चार सुती

मराठीच्या प्राध्यापिकेने मोटारीच्या चाकाच्या स्टडवर लेख लिहावा, याचे कारण आधीच सांगून टाकलेले बरे. गेली काही वर्षे मी एम.ए.च्या वर्गाला अनुवादविचार शिकवते. त्या वर्गात दर वर्षी कुणी ना कुणी विचारतेच: "मॅडम, याला नेमका प्रतिशब्द कोणता?" आणि दर वर्षी मी तेच सांगते की एकट्या शब्दाकडे पाहून प्रतिशब्द निवडता येत नाही, तो कुठे बसणार आहे ते आधी पाहावे लागते. हे मी इतक्या वेळा म्हटले आहे की त्यातली धार बोथट झाली होती. यंदाच्या उन्हाळ्यात वडिलांच्या जुन्या जीपसाठी पंधरा स्टड निवडताना तेच वाक्य मला नव्याने ऐकावे लागले. फरक एवढाच की वर्गात प्रतिशब्द चुकला तर गुण जातात. इथे चाक गेले असते.

जीप विलीजच्या कुळातली, १९७४ सालची, चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली. बाबांनी ती कोल्हापूर ते रत्नागिरी चाळीस वर्षे चालवली. मुलीला मलकापूरच्या बाजूला नोकरी लागली आणि आठवड्यातून दोनदा आंबा घाट उतरून साखरप्याकडे यायचे, तेही याच जीपने, असे तिने परस्पर ठरवून टाकले. ड्रम ब्रेकची अडचण घाट उतरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. ड्रमच्या आत ब्रेकचे शू बाहेरच्या दिशेने दाबले जातात. सततच्या घर्षणाने ड्रम तापतो, तापला की प्रसरण पावतो, म्हणजे शूपासून दूर सरकतो, आणि पायाखालचे पेडल वळणागणिक खोल जाऊ लागते. डिस्क उघड्यावर असते, वारा खाते. तापून ती थोडी जाड झालीच तर दोन्ही बाजूंच्या पॅडच्या जवळ येते, लांब जात नाही. तेव्हा पुढच्या दोन चाकांना डिस्क ब्रेक बसवायचे ठरले. (वाहनाच्या मूळ रचनेत बदल करायचा म्हटले की मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आडवे येते. त्यासाठी झिजवलेल्या पायऱ्या हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, आणि तो विनोदी होईल. असो.)

डिस्क, कॅलिपर आणि ते धरणारा कंस यांचा संच आला, मिस्त्रींनी तो बसवला, चाक चढवले, आणि नट फिरवताना त्यांचा हात थांबला. पूर्वी नट चौदा फेरे आत जाई. आता सहाच फेऱ्यांत घट्ट झाला.

हिशेब सोपा होता. ड्रमच्या पत्र्यापेक्षा डिस्कची टोपी पाच मिलिमीटर जाड. शिवाय कॅलिपर चाकाच्या आतल्या कडेला घासू नये म्हणून मध्ये पाच मिलिमीटरची चकती घालावी लागली. म्हणजे स्टडची दहा मिलिमीटर लांबी या दोघांनी खाल्ली. आमचा स्टड अर्धा इंच जाडीचा, इंचाला वीस आट्यांचा. एक फेरा म्हणजे १.२७ मि.मी. सहा फेरे म्हणजे साडेसात मि.मी.हून थोडे अधिक. नटाने स्टडला निदान स्टडच्या जाडीइतके तरी धरलेले असावे, असा साधा संकेत आहे; आमच्या बाबतीत पुरे दहा फेरे. मिस्त्री म्हणाले, "बसलंय तसं घट्ट." घट्ट बसले होते हे खरेच. पण हाताला जाणवणारा घट्टपणा नट किती खोल गेला आहे ते सांगत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो मलाही होता. आपल्याला वाटते, चाक स्टडवर टांगलेले असते, भिंतीतल्या खुंटीवर सदरा टांगावा तसे. तसे नसते. नट आवळला की स्टड अगदी सूक्ष्म ताणला जातो आणि त्या ताणाने चाक, चकती, डिस्क हे सगळे हबवर दाबून धरले जाते. पाना साधारण १०० न्यूटन-मीटरने आवळला तर त्यातला बहुतेक जोर आट्यांच्या आणि नटाच्या बुडाच्या घर्षणातच खर्च होतो, अगदी थोडा स्टडला ताणण्याच्या कामी येतो. तरीही अर्ध्या इंचाच्या एका स्टडवर त्यातून सुमारे चार टनांचा ताण बसतो. पाच स्टड, वीस टन. या दाबातून जे घर्षण निर्माण होते, ते चाकाला हबवर सरकू देत नाही. ब्रेक मारला की तो मार स्टडच्या अंगावर आडवा बसत नाही, घर्षण तो झेलते. हा ताण सैल पडला, तर मात्र चाक हबवर किंचित सरकू लागते, प्रत्येक फेऱ्याला स्टड इकडून तिकडे वाकतो, आणि कितीही चांगल्या पोलादाचा असला तरी एक दिवस आट्याच्या खाचेतून तुटतो. तेव्हा स्टडची मजबुती ही एकट्या स्टडची मजबुती नसतेच.

तर लांब स्टड हवे होते. दहा मिलिमीटरने लांब, बाकी सारे तेच. "बाकी सारे तेच" हे तीन शब्द उच्चारायला फार सोपे आहेत.

मोटारीच्या सुट्या भागांच्या एका दुकानात आम्ही दोघी गेलो. (प्रश्न मी विचारत होते, दुकानदार उत्तर बाजूला उभ्या असलेल्या एका अनोळखी रिक्षावाल्याला देत होता. तो बिचारा मान डोलावत राहिला.) तिथे बारा मिलिमीटरचे स्टड पुढे आले. "सेमच आहे," असे सांगण्यात आले, आणि पुरावा म्हणून आमचा जुना नट त्यावर फिरवून दाखवण्यात आला. फिरला. सहज फिरला, आणि मुलीने भुवया उंचावल्या त्या नेमक्या या सहजपणामुळे. तो स्टड १२ मि.मी. जाडीचा, १.२५ मि.मी. अंतराच्या आट्यांचा, आमचा नट १२.७ मि.मी.चा, आट्यांमधले अंतर १.२७. अंतर इतके जवळजवळ सारखे की अडकत नाही. जाडी इतकी कमी की नटाचे आटे स्टडच्या आट्यांना फक्त शेंड्याशी स्पर्श करतात. आवळताना एका मर्यादेपर्यंत तो घट्टही वाटेल. मग शेंडे खरवडून जातील आणि नट जागच्या जागी गरगर फिरेल.

हिंदी पट्ट्यातून आलेला एक विद्यार्थी एकदा मला म्हणाला होता की त्याच्या वडिलांनी त्याच्या शिक्षेसाठी जमीन विकली. सगळा वर्ग हसला आणि मग, अर्थ लक्षात आल्यावर, गप्प झाला. मराठीत शिक्षा म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण. अक्षरे तीच, उच्चार तोच, शब्द वाक्यात बेमालूम बसतो. जो प्रतिशब्द मुळीच बसत नाही त्याच्यापासून धोका नसतो, तो आपण बाजूला ठेवतो. जवळजवळ बसणारा घात करतो. त्या दुकानातून आम्ही काही न घेता निघालो.

आता आप्पांविषयी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचे लेथ आहे. बाबांच्या जीपचे निम्मे बुश आणि पिना त्यांच्या हातच्या. मोजमाप ते अजूनही सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमचा स्टड त्यांच्या तोंडी "चार सुती". दशमान पद्धत येऊन साठ वर्षे उलटली, शासनाने कोश काढले, पण सूत, आटे, पाना, ठोकळा हे शब्द कुणी कोशातून शिकले नाहीत आणि म्हणून कुणी विसरलेही नाहीत. १९६२ च्या पदनाम कोशाची अत्र्यांनी 'बदनाम कोश' म्हणून संभावना केली होती ती सर्वांना आठवते. पण जिथे भाषा हातात हत्यार घेऊन उभी आहे तिथे कोशाची गरजच पडत नाही, याकडे त्या वादात फारसे लक्ष गेले नाही असे मला वाटते. 'स्टड'ला मराठी शब्द नाही. नसला तरी त्याला 'आटे' आहेत, ते 'बसतात', 'जातात', 'मरतात', आणि 'उलटे'ही असतात.

आप्पांनी जुना स्टड हातात घेतला, प्रकाशाकडे धरला, नखाने आटे मोजले. "ताई, ईएन-चोवीसमधनं काढून देतो. अण्णांची गाडी हाय. कमी-जास्त हुनार न्हाई."

ईएन-२४ हे पोलाद उत्तम असते. ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलादांना दिलेले हे क्रमांक आपल्या कारखान्यांत अजून नांदतात. आप्पांच्या हाताबद्दल तर शंका घेणेच शक्य नाही. पण पोलादाचे बळ त्याच्या जातीत निम्मेच असते; उरलेले ते किती तापवले, कसे विझवले, पुन्हा किती तापवून नरम केले यात असते. शस्त्राला पाणी देणे हा आपल्या भाषेतला जुना प्रयोग याच क्रियेचा. लेथवर उतरवलेल्या पंधरा स्टडना सारखे पाणी बसले आहे की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. दुसरी गोष्ट आट्यांची. लेथवर आटे कापले जातात, म्हणजे धातूचे तंतू प्रत्येक खाचेपाशी तुटतात. कारखान्यात आटे दोन साच्यांमध्ये दाबून उमटवतात, त्यामुळे तंतू आट्याच्या वळणाबरोबर वळतात आणि खाचेचा तळही दाबाने घट्ट होतो. वारंवार ताण येऊन जी सूक्ष्म चीर पडते ती याच तळाशी सुरू होते. एखाद्या बिजागरीला, पंपाच्या दांड्याला हा भेद क्षुल्लक आहे. चाकाच्या स्टडला नाही.

हे आप्पांना सांगायचे कसे? माझ्या जन्माच्या आधीपासून जो माणूस पोलाद कापतो आहे त्याला मी, साहित्याची मास्तरीण, सांगणार की तुमचे आटे कापलेले असतात म्हणून चालणार नाहीत. वर्गात एखाद्या कवीची कविता नाकारणे सोपे असते, कवी समोर नसतो. मी सांगितले. तंतूंचे सांगितले, मुलगी घाट उतरणार आहे हेही सांगितले. आप्पा काही बोलले नाहीत. स्टड कापडाने पुसून माझ्या हातात परत दिला आणि लेथ सुरू केले. लेथ सुरू असताना बोलता येत नाही.

दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. "ती मधली चकती कुणाकडनं घेतली? दावा मला." आम्ही नेऊन दाखवली. बाजारातली ती चकती एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पातळ निघाली. फरक केसाएवढा, पण हबवर ती सपाट टेकत नव्हती, आणि जिथे टेकत नाही तिथे दाब नाही. आप्पांनी ॲल्युमिनियमच्या दोन नव्या चकत्या उतरवून दिल्या. मधले भोक हबच्या उंचवट्यावर असे बसते की अंगठ्याने दाबावे लागते. या कामाला पाणी देण्याचा, तंतूंचा प्रश्न नव्हता. सपाटी आणि माप हवे होते, आणि ते त्यांच्यासारखे मला बाजारात कुठे मिळाले नसते.

स्टड शेवटी नटबोल्टांच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे मिळाले. डोक्यावर कारखान्याची खूण आणि १०.९ हा आकडा. या आकड्याचे वाचन शिकण्यासारखे आहे. पहिला दहा म्हणजे तुटण्यापूर्वी दर चौरस मिलिमीटरला सुमारे १००० न्यूटन ताण सोसेल. दुसरा नऊ म्हणजे त्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत ताणला तरी सोडल्यावर मूळ लांबीवर येईल, त्यापुढे कायमचा लांबेल. ८.८ याहून कमी. मग १२.९ अधिक चांगला नाही का? मुलीचा हाच प्रश्न होता, आणि वरवर पाहता बरोबर होता. पण पोलाद जितके कठीण करावे तितके ते मनाने हळवे होते. गंजू नये म्हणून अशा कठीण पोलादावर विजेच्या साहाय्याने जस्त चढवले, तर त्या प्रक्रियेत हायड्रोजन आत शिरून ते ठिसूळ होऊ शकते, आणि ताणाखाली असलेला स्टड काही दिवसांनी पूर्वसूचना न देता मोडतो. कोकणच्या हवेत जस्ताशिवाय राहणेही कठीण. १०.९ वर आम्ही थांबलो.

तरी काम संपले नव्हते. स्टड हबमध्ये आट्यांनी बसत नाही. त्याच्या मानेवर बारीक उभे दाते असतात आणि ते भोकापेक्षा किंचित जाड असतात. दाबून बसवला की ते हबच्या धातूत रुततात आणि स्टड फिरत नाही. आमच्या हबची भोके १५.६ मि.मी. भरली, नव्या स्टडची मान १५.९. हा तीन दशांशाचा फरक फार महत्त्वाचा. याहून कमी असता तर नट सोडताना स्टडच फिरला असता. खूप जास्त असता तर हबला चीर जाण्याची भीती. विलीजच्या जुन्या रचनेत आणखी एक खोच आहे: तिथे स्टड हबमधून आणि ड्रममधून ओवून त्याची कड रिव्हेटसारखी ठोकून पसरवलेली असते. ती पसरलेली कड आधी कापून न काढता स्टड मागे ठोकला तर जाताना तो भोकच मोठे करून जातो. डाव्या हबच्या एका भोकाचे पूर्वी कधीतरी असेच झालेले होते. मिस्त्रींनी वेल्डिंगचा एक टाका मारू म्हटले. टाक्याच्या उष्णतेने त्या स्टडचे पाणी उतरले असते. जुन्या बाजारातून दुसरा हब आणला. या एका वाक्यामागे तीन रविवार आहेत.

आणि मग उलट्या आट्यांचा प्रश्न, ज्यावर घरात खरी भांडणे झाली. या जीपच्या डाव्या चाकांचे आटे उलटे आहेत. स्टडच्या टोकावर इंग्रजी एल कोरलेला. चाक पुढे फिरताना सैल झालेला नट आपोआप उलगडत जाऊ नये, ही त्यामागची कल्पना. युद्धकाळातल्या विलीज जीपला तसे असे, आणि अमेरिकेत क्रायस्लरने ही प्रथा १९७० च्या सुमारापर्यंत पाळली. शंकूच्या आकाराचे बूड असलेला नट योग्य ताणाने आवळला तर तो मुळात सैलच होत नाही, हे लक्षात आल्यावर मोटारींतून ती प्रथा गेली. माझा कल ती राखण्याकडे होता. जुन्या संहितेतला पाठ बदलू नये, अशी आमच्या धंद्याची सवय असते. मुलगी म्हणाली, "आई, रात्री नऊ वाजता घाटात पंक्चर झालं तर तिथला मुलगा तो एल वाचणार आहे का?"

तो वाचत नाही. हे ऐकीव नाही. बाबांच्या हयातीतच रस्त्याकडेच्या एका दुकानात एका पोराने पान्याला लांब नळी अडकवून, तिच्यावर उभे राहून, नट सोडवण्याच्या समजुतीने तो आवळत नेला होता, स्टड काडकन मोडेपर्यंत. त्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने आयुष्यात सुलटेच आटे पाहिलेले. म्हणून सगळे सुलटे करायचे ठरले. पण पुढची दोनच चाके बदलून मागचे डावे उलटे ठेवले असते तर गोंधळ दुप्पट झाला असता. यामुळे दहाचे पंधरा झाले: पुढच्यासाठी लांब दहा, मागच्या डाव्या ड्रमसाठी मूळ लांबीचे पाच.

बाबांच्या आवडीचे चकचकीत टोपीचे नटही काढावे लागले. टोपी बंद असते. लांब झालेल्या स्टडचे टोक आतून टोपीला टेकते, पाना अडतो, आपल्याला वाटते आवळला, आणि चाक मात्र दाबलेच गेलेले नसते. आता दोन्ही बाजूंनी उघडे नट आहेत, त्यातून स्टडचे दोन-तीन आटे बाहेर डोकावतात. दिसायला ते तितके देखणे नाही. पण नट पूर्ण बसला आहे, हे वाकून पाहिले की दिसते.

स्टड हातोड्याने न ठोकता प्रेसवर दाबून बसवले. आटे कोरडे, स्वच्छ ठेवले. तेल लावले तर त्याच जोरात स्टड कितीतरी अधिक ताणला जातो. नट एकाआड एक, ताऱ्याच्या आकाराने आवळले. नट चौदा फेरे गेला, हे मी स्वतः मोजले. मिस्त्रींनी मोजू दिले.

शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे असते, कारण नवे पृष्ठभाग एकमेकांवर बसताना थोडा ताण उतरतो. मुलीने मलकापुरात, कचेरीच्या आवारात, टॉर्क पाना लावून पाहिले आणि मला फोनवर सांगितले: उजवीकडचा एकही नट हलला नाही, पुढच्या डाव्या चाकाचे दोन पान्याचा खटका वाजण्याआधी थोडे फिरले, अंदाजे पाव फेऱ्याच्या आत. तिने ते तारखेसह गाडीच्या वहीत लिहून ठेवले आहे. पुढची तपासणी पाचशेला.